बर्फावरचें पांघरूण

बर्फाची लादी गोणपाटांत वा लाकडाच्या भुशांत गुंडाळून ठेवण्याची चाल ठाणें, कल्याण, डोंबिवली येथें जुनीच आहे. पांघरूण स्वतः ऊब देत नाहीं व गारवाही देत नाहीं. तें केवळ उष्णतेची वाट अडवितें. ध्रुवप्रदेशांतील गोठलेल्या समुद्रावर पडणारें भुसभुशीत हिम हेंच कार्य करतें.

हिवाळ्यांत तेथील हवा उणे ३० अंशांपर्यंत उतरते. बर्फाखालचें खारें पाणी मात्र उणे १.८ अंशांच्या आसपास असतें. उष्णता बर्फांतून वर निसटते व तळाशीं नवा बर्फ धरतो. हिमाच्या पोटांत हवा कोंडलेली असल्यामुळें त्यांतून उष्णता बर्फाच्या सुमारें एकसप्तमांशानेंच वाहते. म्हणून हिमाचा थर बर्फाची वाढ मंदावतो. पुढें सूर्य वर आला कीं तेंच ताजें हिम शेंकडा ८० हून अधिक प्रकाश परतवून बर्फाला राखतें. उघडा समुद्र मात्र शेंकडा ९० हून अधिक शोषून घेतो.

हा जमाखर्च मेकट व उंटरश्टाइनर यांनीं १९७१ सालीं समीकरणांत मांडला. पृष्ठावर उष्णता शिल्लक उरली तर बर्फ वितळावयाचा. तळाशीं समुद्राकडून येणाऱ्या उष्णतेपेक्षां वर जाणारी अधिक असली तर तो वाढावयाचा.

गोव्यांतील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचें ‘भारती’ हें ठाणें २०१२ पासून अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आहे. तेथें जाणाऱ्या जहाजाची वाट बर्फाच्या जाडीवर अवलंबून असते; आणि हिमाची मोजणी चुकली तर त्या जाडीचें भाकीतही चुकल्यावांचून राहत नाहीं.