हात आपले, गाळा दुसऱ्याचा

ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघून दिघी, कळस ओलांडत विश्रांतवाडीमार्गे पुण्यात शिरते. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला वारकऱ्यांचे पाय चेपून देणारे सेवेकरी दिसतात. आपल्या या ‘चेपणे’ शब्दाला जवळचा हिंदी शब्द ‘चाँपना’. त्याच्या ‘चाँपो’ या आज्ञार्थी रूपातून इंग्रजीत ‘शाम्पू’ आला. केस धुण्याचा अर्थ त्याला पुष्कळ नंतर चिकटला. मूळ अर्थ अंग रगडणे, चेपणे असाच होता.

हा शब्द आणि ही कला इंग्लंडात रुजवण्यात एका स्थलांतरिताचा मोठा वाटा आहे. शेख दीन महंमद यांचा जन्म १७५९ मध्ये पाटण्याचा. कंपनीच्या बंगाल सैन्यात नोकरी करून १७८४ मध्ये ते आयर्लंडला गेले. १८१० मध्ये त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्थानी पद्धतीचे भोजनगृह काढले. ते दोन वर्षांत बुडाले. १८१४ मध्ये ते ब्रायटनला आले आणि १८२१ मध्ये समुद्रकाठी त्यांचे मोठे स्नानगृह उभे राहिले. गिऱ्हाइकाला औषधी वनस्पतींची वाफ देत आणि भोवती फ्लॅनेलचा तंबू लावत. तंबूच्या बाह्यांतून हात आत घालून अंग रगडले जाई. स्त्रियांचा विभाग त्यांची पत्नी जेन पाहत असे. बऱ्या झालेल्यांच्या कुबड्या जाहिरातीसारख्या मांडून ठेवलेल्या असत. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांची सेवा त्यांना मिळाली.

कसब त्यांचे होते, पण इमारत त्यांची नव्हती. १८४१ मध्ये तिचा लिलाव झाला तेव्हा ती विकत घेण्याइतका पैसा त्यांच्याजवळ नव्हता. दहा वर्षांनी ते ब्रायटनमध्येच वारले. आज त्या जागेवर हॉटेल आहे.

हा पेच ब्रायटनपुरता नाही. आसाम, मणिपूर, मिझोराम, नेपाळ किंवा आपल्याच मराठवाड्यातून पुण्यात येऊन पार्लर वा स्पामध्ये काम करणारी स्त्री बरोबर काय आणते? हात आणि शिकलेली विद्या. एवढ्या भांडवलावर परक्या गावात सुरू करता येतील असे धंदे थोडे. स्वतःचे पार्लर काढायचे म्हटले की मात्र गाळा लागतो, आणि तो बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ने मिळतो. या कराराचा कायदेशीर अर्थ वापराची परवानगी एवढाच आहे. भाडेकरूचा हक्क त्यातून येत नाही. चार वर्षे खपून तिने गिऱ्हाईक जमवले, तरी करार न वाढवल्यास ते गिऱ्हाईक त्या वस्तीतच राहते आणि तिला दुसरी वस्ती शोधावी लागते.

संकट आले की ही बाजू उघडी पडते. ऑगस्ट २०१२ मध्ये आसामातल्या हिंसाचारानंतर अफवा पसरल्या आणि ईशान्येकडचे हजारो लोक पुणे, बंगळूर सोडून रेल्वेने निघून गेले. २०२० च्या टाळेबंदीनंतर राज्यातील पार्लरे २८ जूनपासून उघडली, पण मुभा केस कापणे, रंगवणे, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढ्यालाच होती. त्वचेच्या उपचारांना ती नव्हती. म्हणजे फेशियल हेच जिचे मुख्य काम, तिचे दुकान उघडे असूनही हात बांधलेले होते.

यातून सुटण्याचा एक मार्ग बाटलीतून जातो. नागपूरहून मुंबईला आलेल्या केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ मध्ये परळला ‘व्हिको’ची सुरुवात केली. आधी दंतमंजन आले, पुढे हळदीचे क्रीम. माल दारोदार नेता येतो. त्याला मोक्याच्या गाळ्याची गरज नसते, आणि बनवणाऱ्याचे हात थांबले तरी तो विकला जातो.

पण बाटलीलाही स्वतःचा उंबरठा आहे. घरी घोटलेले उटणे पार्लरमध्ये गिऱ्हाइकाला लावणे वेगळे आणि तेच डबीत भरून विकणे वेगळे. विक्रीसाठी प्रसाधन बनवायचे तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे नियम लागू होतात. राज्याचा परवाना लागतो. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत छापावी लागते. परवाना असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात माल बनवून घेण्याची सोय नियमांत आहे. छोट्या व्यावसायिकाला ती वाट अधिक झेपणारी आहे.

हे नियम अडथळे वाटले तरी गिऱ्हाइकाच्या कातडीसाठी ते हवेतच. गोरेपणाच्या नावाखाली स्टेरॉइड असलेली मलमे सर्रास विकली जात होती, म्हणून २०१८ मध्ये अशा मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन आले. ज्या पार्लरवालीला हे ठाऊक असते आणि जी गिऱ्हाइकाला ‘हे मलम लावू नका, डॉक्टरांकडे जा’ असे सांगते, ती त्या दिवशीचे पैसे गमावते. तिची खरी पत मात्र त्यातूनच तयार होते. गाळा बदलला तर दोन बस बदलून तिच्याकडे जाणारी गिऱ्हाइके असतात, ती या पतीमुळे. करारात या पतीची नोंद नसते आणि बँक तिच्यावर सहसा कर्ज देत नाही. तरीही बाहेरून आलेल्या बाईला या शहरात स्वतःच्या नावावर जमा करता येईल अशी पहिली मालमत्ता तीच आहे.