जुने शाईपेन आणि त्याला मानवणारी शाई

आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूरसारख्या सीमेलगतच्या गावातून स्वस्त, जुनी शाईपेने जमवू पाहणाऱ्याला तेलुगू आणि मराठी अशा दोन्ही मुलखांकडे नजर ठेवावी लागते. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी पेन घडवून गांधीजींना पाठवले आणि 1935 मध्ये गांधीजींनी त्याची लेखी पोच दिली; मुंबईत दि. प. दांडेकर यांनी 1931 मध्ये शाईची भुकटी व वड्या विकून उभारलेला उद्योग पुढे कॅमलिन या नावाने शाळाशाळांत पोहोचला. मात्र नवशिक्याने नावाजलेल्या पेनामागे धावण्यापेक्षा मुंबईचे एखादे विल्सन किंवा चिनी हीरो 616 घेणे शहाणपणाचे.

निवड खरे तर पेन कशाचे आहे आणि त्यात शाई कशी भरतात यावरून करावी. एबोनाइट, म्हणजे भरपूर गंधक घालून तापवलेले कडक रबर, याच्या पेनात ड्रॉपरने थेट नळीतच शाई भरतात, त्यामुळे बिघडण्याजोगे सुटे भाग फारसे नसतात. तथापि ऊन आणि पाणी यांनी एबोनाइटचा काळा रंग तपकिरी पडतो, म्हणून ते तासन्‌तास भिजत ठेवू नये. ज्या पेनात रबराची पिशवी असते, त्यातील पिशवीचे आयुष्य बऱ्याच अंशी शाईवर अवलंबून असते.

अशा पेनांसाठी धुतली जाणारी साधी निळी शाई सर्वांत निर्धोक. चित्रकलेची जलरोधक काळी शाई मात्र कधीही भरू नये, कारण तिच्यातील काजळी बांधून ठेवणारी लाख वाळली की निबाखालच्या बारीक खाचा कायमच्या बुजतात, आणि कॅमलिनच्या कॅमल छापाच्या लिहिण्याच्या व चित्रकलेच्या दोन्ही शाया दुकानात मिळत असल्याने बाटलीवरचा मजकूर वाचणे आवश्यक ठरते. लोह व टॅनिन यांची जुन्या पद्धतीची शाई आम्लधर्मी असल्याने पोलादी निब गंजवते. उलट टोकाचे उदाहरण पार्करचे: 1941 च्या ‘51’ पेनासाठी काढलेली झटपट वाळणारी शाई इतकी तीव्र अल्कधर्मी होती की ती इतर पेनांत भरू नये, असा इशारा खुद्द कंपनीनेच बाटलीवर छापला होता.

पेन ठेवून देण्यापूर्वी ते थंड पाण्याने, नितळ पाणी बाहेर येईपर्यंत धुवावे. स्पिरिट वापरू नये, कारण त्याने सेल्युलॉइडचे खोड खराब होते आणि पिशवी चिकटवलेली लाखही सुटते.