ब्रिटनमधील जुन्या डिझेल गाड्या : ओळख आणि छायाचित्रण



आगगाड्या पाहण्याचा छंद म्हटला कीं वाफेचें इंजिन डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु ब्रिटनमध्यें या छंदाची आणखी एक शाखा आहे, ती म्हणजे जुन्या डिझेल उतारू-गाड्यांची. डर्बी येथें बांधलेल्या अशा हलक्या गाड्या १९५४ सालीं सुरू झाल्या, आणि १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेनंतर त्यांचा प्रसार झपाट्यानें झाला. यांना वेगळें इंजिन नसे. यंत्र डब्याच्या तळाखालींच असे. त्यामुळें शेवटच्या स्थानकावर इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडण्याची यातायात वांचली. चालकाच्या पाठीमागें कांच असल्यामुळें पुढें बसलेल्या उतारूला समोरचे रूळहि दिसत.

या गाड्या ओळखाव्या कशा? क्रमांकाआधींचें अक्षर विभाग सांगे. ‘डब्ल्यू’ म्हणजे पश्चिम, ‘एम्’ म्हणजे लंडन-मिडलंड. टोकावर निळा चौकोन किंवा तांबडा त्रिकोण अशी खूण असे. समान खुणेच्याच गाड्या एकत्र जोडून चालवितां येत. रंगावरून काळ कळतो. प्रथम हिरव्या तोंडावर फिकट पिवळसर मिशांसारखे पट्टे होते. पुढें त्यांच्या जागीं सावधगिरीचा पिवळा पट्टा आला. १९६५ नंतर निळा रंग रूढ होत गेला.

छायाचित्र घेतांना सूर्य पाठीशीं असावा, आणि गाडीचें तोंड व एक बाजू दोन्ही दिसावीं. धांवती गाडी टिपण्यास सेकंदाचा पांचशेवा भाग बहुधा पुरतो. फलाटाची पिवळी रेघ ओलांडूं नये, आणि चालकाचे डोळे दिपविणारा झगमगता प्रकाश वापरूं नये. क्रमांक, स्थळ व दिनांक तेथल्या तेथेंच लिहून ठेवावा.

ही टिपणवही कां महत्त्वाची? १९६८ सालीं ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य जाळ्यावरील वाफेच्या उतारू-गाड्या संपल्या. तोंवर बहुतेकांचे कॅमेरे त्यांच्याकडेच वळलेले होते. रोजची डिझेल गाडी कोणास नवलाची वाटली नाहीं. पुढें तिचे बरेच डबे भंगारांत गेले. कित्येकांच्या भिंतींत घातक ॲस्बेस्टॉस असल्यानें ते राखणेंहि अवघड झालें. मेट्रो-कॅमेल कारखान्याच्या गाड्या २००३ पर्यंत, आणि एकाच डब्याची ‘बबल कार’ २०१७ पर्यंत नित्य सेवेंत टिकली. आज डर्बीशायरमधील एकल्सबोर्न व्हॅलीसारख्या जतन केलेल्या मार्गांवर असे डबे पाहावयास मिळतात. ते पूर्ववत् रंगवितांना जुनें, दिनांक घातलेलें एखादें साधें छायाचित्रच पुरावा ठरतें.

म्हणून दुर्मिळाची वाट पाहत बसूं नये. जी गाडी आज रोज दिसते, तिचेंच चित्र आज घ्यावें.