पट्ट्या त्याच, सप्तक निराळे

पुण्याजवळच्या सूससारख्या गावात भजन म्हटले की टाळ-मृदंगाबरोबर पेटी आलीच. या पेटीवर आज आपण एक प्रयोग करू. अट एकच : काळ्या पट्ट्यांना हात लावायचा नाही.

पांढरी एकपासून वरच्या पांढरी एकपर्यंत साऱ्या पांढऱ्या पट्ट्या क्रमाने वाजवा. शुद्ध स्वरांचे सप्तक ऐकू येईल. पंडित विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी रागांची विभागणी दहा थाटांत केली. त्यांपैकी हा बिलावल थाट. आता पांढरी सहाला ‘सा’ माना. एका बोटाने ती दाबून धरा आणि तिच्यापासून पुन्हा पांढऱ्या पट्ट्याच वाजवीत वर जा. काय झाले? गंधार, धैवत आणि निषाद उतरले, कोमल झाले! हा आसावरी थाट. पाश्चात्त्य संगीतात याच स्वरक्रमाला ‘नॅचरल मायनर’ म्हणतात.

पट्ट्या त्याच, मग स्वर बदलले कसे? पेटीच्या सप्तकात बारा समान पायऱ्या असतात. दर पायरीला कंपनसंख्या सुमारे १.०५९५ पट होते. बारा पायऱ्या चढल्या की दुप्पट. दोन पांढऱ्यांमध्ये काळी पट्टी असेल तेथे अंतर दोन पायऱ्यांचे, नसेल तेथे एकाच पायरीचे. पांढरी एकपासून ही अंतरे २, २, १, २, २, २, १ अशी येतात; पांढरी सहापासून २, १, २, २, १, २, २ अशी. म्हणून पहिल्या सप्तकात गंधार चार पायऱ्यांवर, तर दुसऱ्यात तीनच पायऱ्यांवर येतो.

पांढरी सहाची कंपने सेकंदाला २२० धरा. तिचा शुद्ध गंधार सुमारे २७७ कंपनांचा, कोमल गंधार सुमारे २६२ चा. गंमत अशी, की ही २६२ ची पट्टी म्हणजे मघाची पांढरी एकच! मघाशी ती ‘सा’ होती, आता कोमल गंधार झाली.

म्हणजे स्वराचे नाव एकट्या कंपनसंख्येवरून ठरत नाही. ‘सा’शी असलेल्या तिच्या गुणोत्तरावरून ठरते. गायकामागे तंबोरा अखंड का वाजत असतो, हे आता ध्यानात येईल.

मात्र थाट म्हणजे राग नव्हे. जौनपुरी आणि दरबारी कानडा हे दोन्ही आसावरी थाटाचे, पण त्यांची चाल अगदी वेगळी.

आता पांढरी दोनला ‘सा’ माना. कोणते स्वर कोमल होतील? आधी कागदावर मांडा, मग पेटीवर पडताळून पाहा.