स्टेअरिंग थरथरतंय? डॅम्पर सगळ्यात शेवटी!

सुरुवातीलाच दोन कबुल्या देऊन टाकतो. पहिली, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मोठ्या मनाने माफ करा. दुसरी कबुली जरा जड आहे. या लेखात जी जीप बिघडलेली आहे, ती मीच बिघडवली होती.

जीप आमच्या काकांची. जुनी, डिझेल, पुढे-मागे पाट्यांची. शेताकडची कामं, पाहुण्यांना आणणं-सोडणं, जोतिबाची वारी, सगळं तिच्यावरच. सेकंड इयर संपलं आणि माझ्या डोक्यात ऑफ-रोडिंगचं भूत शिरलं. काकांच्या मागे लागून मूळचे ६.००-१६ टायर काढले आणि ३१ इंची रुंद टायर चढवले. ते मडगार्डला घासू नयेत म्हणून पुढच्या पाट्यांना दोन इंच लांब शॅकल लावले. काकांनी एकदा विचारलं होतं, "काय होणार नाही ना रे?" मी म्हणालो, "काही नाही काका, फक्त लूक बदलतो."

लूक बदलला हे खरं! गल्लीत गाडी उभी केली की पोरं फोटो काढायची. पण महिन्याभरात ६५-७० च्या स्पीडला स्टेअरिंग थरथरायला लागलं. एका गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी स्टेअरिंग डॅम्पर बसवून दिला. डॅम्पर म्हणजे आडवा बसवलेला शॉक अॅब्सॉर्बरच. थरथर गेली, आम्ही खूश.

मग पावसाळ्यात एकदा गगनबावड्याला निघालो. मागे आजी आणि धाकटी चुलत बहीण. कळे सोडल्यावर डावं चाक एका खड्ड्यात आदळलं आणि स्टेअरिंग काकांच्या हातातून सुटल्यासारखं डावी-उजवीकडे आपटायला लागलं. स्पीड साठच्या आसपास. बॉनेटसकट सगळी गाडी हादरत होती. काकांनी घाबरून ब्रेक दाबला नाही म्हणून वाचलो. अॅक्सिलरेटर सोडला, हळूहळू स्पीड कमी केला आणि गाडी उसाच्या कडेला थांबवली. घरी येईपर्यंत कोणी बोललं नाही. रात्री जेवताना काका एवढंच म्हणाले, "गाडी विकून टाकू." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, डॅम्परला हात लावला आणि म्हणाले, "ह्यानं नुसतं तोंड दाबलंय गाडीचं. दुखतंय कुठं ते बघितलंच न्हाई कुणी." त्या दोन दिवसांत जे शिकलो ते तुमच्यासाठी लिहितोय.

आधी प्रश्न, मग पाना

मिस्त्रींनी पाना हातात घेण्याआधी काकांना प्रश्न विचारले. प्रत्येक उत्तर वेगळ्या पार्टकडे बोट दाखवतं.

ठराविक स्पीडलाच थरथर येते आणि त्याच्या वर-खाली जाते का? मग संशय चाकाच्या बॅलन्सवर. फक्त ब्रेक मारल्यावर येते का? मग ब्रेकचा ड्रम अंडाकृती झालेला असू शकतो, डिस्क असेल तर डिस्क. अगदी २०-३० च्या स्पीडला गाडी डुलत चालते का? मग रिम वाकलेली किंवा टायरला फुगा आलेला. स्टेअरिंग शांत पण सीट थरथरते का? मग मागची चाकं किंवा प्रोपेलर शाफ्ट बघायचा. गाडी उंच केली की शाफ्टच्या जॉइंटचे कोन बदलतात, हे पुष्कळ जण विसरतात. आणि शेवटचा प्रश्न, खड्ड्यात आदळल्यावर सुरू होऊन स्पीड कमी केल्याशिवाय थांबतच नाही का? हा प्रकार सगळ्यात धोक्याचा. याला शिमी म्हणतात, आणि ऑफ-रोडवाले सरळ 'डेथ वॉबल' म्हणतात.

आमच्या गाडीला पहिला आणि शेवटचा असे दोन्ही आजार होते. डॅम्परने पहिला झाकला, त्यामुळे शेवटचा कळलाच नाही.

बॅलन्सचं गणित

समजा रिमच्या कडेला ५० ग्रॅम वजन जास्त आहे. १५ इंची रिम म्हणजे केंद्रापासून ०.१९ मीटर. ३१ इंची टायर ताशी ८० ला सेकंदाला साधारण ९ फेरे मारतो. अपकेंद्री बल काढलं तर सुमारे ३० न्यूटन येतं, म्हणजे तीन किलोचं वजन. ते सेकंदाला नऊ वेळा वर-खाली, पुढे-मागे ओढतंय! आणि हे बल स्पीडच्या वर्गाने वाढतं. ताशी १०० ला तेच ४७ न्यूटन होतं. या ठोक्यांचा वेग अॅक्सल आणि स्टेअरिंगच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला की रेझोनन्स. म्हणून थरथर ठराविक स्पीडला येते.

आमच्या रिममध्ये ५० ग्रॅमचं निमित्त काय होतं माहितेय? चिखल! आतल्या बाजूला वाळून दगड झालेला तांबडा चिखल. स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढला तेव्हा ओंजळभर निघाला. ऑफ-रोड करणाऱ्यांनी बॅलन्सिंगला पैसे घालवण्याआधी रिम आतून धुवावी. हा इलाज फुकट आहे.

पण एक खड्डा एवढा गोंधळ का घालतो?

इथे मला थिअरी ऑफ मशीन्समधला जायरोस्कोप आठवला. त्याचे न्यूमेरिकल्स मी पाठ करून परीक्षेत सोडवले होते, पण ते आमच्या जीपच्या पुढच्या चाकात फिरत असतील असं कधी वाटलं नव्हतं.

जुन्या जीपला पुढे सलग अॅक्सल असतो. डावं चाक खड्ड्यात गेलं की अख्खा अॅक्सल तिरका होतो आणि त्याबरोबर दोन्ही फिरती चाकं तिरकी होतात. फिरतं चाक तिरकं केलं की ते उभ्या अक्षाभोवती वळायला बघतं. यालाच प्रिसेशन म्हणतात. दोन्ही चाकं एकाच बाजूला तिरकी झालेली असतात, म्हणून दोन्ही टायरॉडला एकाच दिशेला ढकलतात. चाकं वळली की परत जायरोस्कोपमुळे अॅक्सल उलट बाजूला तिरका व्हायला बघतो. झालं, पाळणा सुरू! त्याला झोका देण्याची ताकद गाडीच्याच वेगातून येते. म्हणून वेग कमी केल्याशिवाय तो थांबत नाही.

हा आजार नवीन नाही. फ्रान्सचे इंजिनिअर ब्रुलिए यांनी १९२५ मध्येच शिमीवर अभ्यास मांडला होता. १९३४ च्या मॉडेल्समध्ये जनरल मोटर्सने पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर घेतली, त्यामागे आरामाबरोबर ही कटकट कमी करणं हेही कारण होतं. चाकं स्वतंत्र असली की एक उचललं तरी दुसरं तिरकं होत नाही. आपल्याकडे २०१० च्या थारमध्ये दोन्ही प्रकार बघायला मिळत होते. सीआरडीई मॉडेलला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि डीआय मॉडेलला पुढेही पाटे.

आता तुम्ही विचाराल, मग सलग अॅक्सलच्या सगळ्याच गाड्या का आपटत नाहीत? कारण कंपनीने दोन गोष्टी नीट ठेवलेल्या असतात. सगळे जॉइंट घट्ट असतात आणि कास्टर बरोबर असतो. मी दुसरी गोष्ट बिघडवली होती आणि पहिली वयाने बिघडली होती.

ढिलाई शोधायची रीत

गाडी जमिनीवर, इंजिन बंद. एकाने स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं. दुसऱ्याने खाली जाऊन प्रत्येक जॉइंटवर बोटं ठेवायची. ड्रॅगलिंकची टोकं, टायरॉडची टोकं, पिटमन आर्म, स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट, पाट्यांचे बुश, यू-बोल्ट. एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला उशिरा हलतो, तिथे प्ले आहे. हे डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतं.

मग अॅक्सल जॅकवर घेऊन खाली घोडी लावायची. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जायचं नाही! चाक घड्याळ समजा. बारा आणि सहावर हात ठेवून हलवा. खट्ट वाजलं तर व्हील बेरिंग किंवा किंगपिन ढिलं. दोघांपैकी कोण? एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा. प्ले गेला तर व्हील बेरिंग, तसाच राहिला तर किंगपिन. एवढी साधी युक्ती, पण मी कोणत्याच पुस्तकात वाचली नव्हती. नंतर तीन आणि नऊवर हात ठेवून टायरॉड बघायचा. शेवटी चाक फिरवून रिमजवळ खडू धरायचा. खडू एकाच जागी घासला तर रिम वाकडी आहे.

आमच्या गाडीत ब्रेक दाबला तरी डाव्या चाकाचा खट्ट आवाज तसाच राहिला. किंगपिनचं खालचं बेरिंग उघडलं तर छर्ऱ्यांनी वाटीत खड्डे पाडलेले. ते बरीच वर्षं झिजत असणार. मूळच्या हलक्या टायरांनी ते सांभाळून घेतलं होतं. माझ्या जड आणि रुंद टायरांनी ते उघडं पाडलं. नवीन बेरिंग बसवल्यावर मिस्त्रींनी शाळेतला असतो तसा ताणकाटा लावून नकल ओढून बघितलं. फिरायला किती जोर लागतो ते बघून शिम कमी-जास्त करायचे. तो आकडा आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यायचा, अंदाजाने नाही.

शॅकलचा हिशोब

ही माझी चूक. किंगपिनचं वरचं टोक किंचित मागे झुकलेलं असतं, त्या कोनाला कास्टर म्हणतात. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो तसंच. त्यामुळे चाक आपोआप सरळ यायला बघतं. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपला तो ३ अंशांच्या आसपास असतो.

आमच्या गाडीला शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला होता. तो दोन इंच लांब केला की चेसिसच्या मानाने पाट्याचं पुढचं टोक दोन इंच खाली जातं. पाटा ३६ इंच धरला तर २ भागिले ३६ म्हणजे सुमारे ३ अंश. तेवढा अख्खा अॅक्सल पुढे झुकला. तीनातून तीन गेले, शून्य! कास्टर जवळजवळ उरलाच नव्हता. (शॅकल मागच्या टोकाला असेल तर परिणाम उलटा, कास्टर वाढतो. म्हणून आधी आपला शॅकल कुठे आहे ते बघा.) आणि एवढं करून गाडी मधे उंच झाली ती फक्त एक इंच.

यावर अॅक्सल आणि पाट्याच्या मधे पाचर घालून कास्टर परत आणता येतो. पण आम्ही ते केलं नाही. मूळचे शॅकल परत लावले, टायरसुद्धा मूळ मापाचे, फक्त चिखलाच्या नक्षीचे घेतले. त्याला आणखी एक कारण होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघितला, तर कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल करायला परवानगी नाही. हे मी लूक बदलण्याआधी वाचायला हवं होतं.

लक्षात ठेवायचा क्रम

रिम धुणे, टायर आणि हवा बघणे, बॅलन्सिंग, मग जॉइंट, मग बेरिंग आणि किंगपिन, मग टो आणि कास्टर, आणि सगळं घट्ट झाल्यावरच डॅम्पर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच रस्त्यावर त्याच स्पीडला गाडी चालवून बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर थरथर गेली तरी कशामुळे गेली ते कळत नाही. मिस्त्रींनी तर डॅम्पर काढून ठेवूनच ट्रायल घेतली. "त्याच्याशिवाय सरळ चालली तरच गाडी बरी झाली म्हणायचं, बाळ."

आणि चालवताना वॉबल सुरू झालाच तर? स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरा, पण अंगठे आत अडकवू नका. अॅक्सिलरेटर सोडा, ब्रेक जोरात मारू नका, गाडी सरळ ठेवून थांबवा. आणि थांबल्यावर "आता बरी झाली" म्हणून पुढे जाऊ नका.

काकांनी डॅम्परशिवाय त्याच गगनबावडा रोडवर ट्रायल घेतली. शेजारी मी बसलो होतो आणि कळ्याच्या पुढे माझेच हात घामेजले होते. तोच खड्डा आला, स्टेअरिंगला एक झटका बसला आणि लगेच शांत झालं. काका काही बोलले नाहीत. परत येताना बालिंग्याजवळ त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

जीप विकली नाही. आजी मात्र अजून तिच्यात बसायला तयार नाही. तिला मी जायरोस्कोप समजावून सांगितला, पण ती म्हणते, "तू आधी तुझी परीक्षा पास हो!"