बेळगावात उपरा कोण?

‘मराठी हवी तर महाराष्ट्रात जा.’ बेळगाव-निपाणीत पाट्यांच्या भाषेवरून वाद पेटला की हे वाक्य हमखास कानावर येते. त्यामागे गैरसमज असा, की इथली मराठी माणसे महाराष्ट्रातून येऊन स्थायिक झाली आहेत. प्रत्यक्षात 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा पुण्यासारखाच मुंबई राज्यात होता. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली. जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. चंदगडची लेक बेळगावात दिलेली असेल, तर माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या. घर तेच, शेत तेच, बाजारही तोच. तिला परप्रांतीय कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आता उलटा गैरसमज. तो आपल्याकडे जरा जास्तच आवडीने सांगितला जातो: कन्नड इथे 1956 नंतर सरकारी नोकरांबरोबर आली. हेही खोटे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती तेराव्या शतकाच्या आरंभी रट्ट घराण्याच्या राजवटीत उभी राहिली, आणि रट्टांचे शिलालेख कन्नडमध्ये आहेत. राणी चन्नम्माचे कित्तूर, जिथे 1824 मध्ये इंग्रजांशी लढाई झाली, तेही याच जिल्ह्यातले. 2011च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यात दोन तृतीयांशांहून अधिक लोकांची मातृभाषा कन्नड आहे. मात्र मराठी वस्ती बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात दाट आहे. अख्ख्या जिल्ह्याचा आकडा पुढे करून खानापूरचा निकाल लावता येत नाही.

मराठीत शाळा आणि कागदपत्रे मागणे हा राज्याशी द्रोह, असेही म्हटले जाते. भारतात राज्याचे वेगळे नागरिकत्वच नाही. देशात कुठेही राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे असे सांगणारा अनुच्छेद 350-क तर सातव्या घटनादुरुस्तीने आला. ती लागू झाली 1 नोव्हेंबर 1956 रोजी, म्हणजे बेळगाव म्हैसूरला गेले त्याच दिवशी!

महाजन आयोगाने दोन राज्यांतला सीमावाद मिटवला, हाही एक समज. आयोगाने 1967 मध्ये बेळगाव शहर म्हैसूरकडे ठेवून निपाणीसह 264 गावे महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने अहवाल नाकारला आणि तो कधी अमलात आला नाही. महाराष्ट्राचा 2004चा दावा सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे.

निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर महाराष्ट्रातल्या वाचकांनी जत आणि अक्कलकोटकडेही पाहावे. तिथली कन्नड कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच आहेत. बेळगावच्या मराठी शाळेसाठी जे मागता, ते जतच्या कन्नड शाळेला आधी द्या.