सिंहाचे दात मोजताना

कालिदासाच्या ‘शाकुंतला’त लहानगा सर्वदमन, म्हणजेच पुढचा भरत, सिंहाच्या छाव्याला तोंड उघडायला लावतो, कारण त्याला त्याचे दात मोजायचे असतात. पूर्ण वाढलेल्या सिंहाच्या, वाघाच्या किंवा बिबट्याच्या तोंडात 30 दात असतात. पण सर्कशीतून किंवा कुणाच्या खासगी पिंजऱ्यातून सोडवून आणलेल्या सिंहाचा जबडा भूल देऊन उघडला, की अनेकदा ही मोजदाद जुळत नाही. कुठे सुळा अर्ध्यात मोडलेला असतो, कुठे हिरडीत नुसता खुंट उरलेला असतो, तर कुठे दात शाबूत दिसतो पण आतून काळा पडून मेलेला असतो.

हे दात म्हातारपणाने गेलेले नसतात. अरुंद पिंजऱ्यात वर्षानुवर्षं कोंडलेलं जनावर गज चावत राहतं. त्याने सुळ्यांची मागची बाजू घासून पातळ होते आणि एक दिवस सुळा मोडतो. काही वेळा लोखंडी कांबीचा फटका बसलेला असतो. काही ठिकाणी तर प्राण्याने चावू नये म्हणून माणसाने दात मुद्दाम फोडलेले किंवा कानशीने घासलेले असतात. सुळा मोडला की आतली नस उघडी पडते. तिथून जंतू शिरतात, नस मरते, मुळाशी पू साठतो आणि जबड्याचं हाड कुजू लागतं. ज्याने दाढेच्या ठणक्यात एक रात्र काढली आहे, त्याला पुढचं सांगायला नको. हे प्राणी तो ठणका वर्षं वर्षं सोसतात, आणि तेही मुकाट्याने. जंगलात दुखणं दाखवणारा टिकत नाही, म्हणून ते लपवणं त्यांच्या रक्तातच असतं. रोज खायला घालणाऱ्या माणसाला तेवढं कळतं, की हा हल्ली एकाच बाजूने चावतो, मांसाचा तुकडा उचलून पुन्हा खाली टाकतो, लाळ फार गळते.

दातदुखी सिंहाला कुठवर नेऊ शकते, याचा एक पुरावा शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे. 1898 साली आजच्या केनियात, त्साव्हो नदीवर रेल्वेपूल बांधला जात असताना दोन सिंहांनी मजुरांना मारून खाल्लं. त्या मजुरांत हिंदुस्थानातून नेलेले पुष्कळ होते. त्या दोन सिंहांपैकी एकाच्या कवटीत खालचा सुळा मोडलेला आणि त्याच्या मुळाशी गळू झाल्याच्या खुणा आहेत. झेब्र्यासारखी तगडी शिकार जबड्यात धरून ठेवणं त्याला जमत नसावं, म्हणून तो मऊ आणि सोप्या भक्ष्याकडे वळला, असं अभ्यासक मानतात. दुसऱ्या सिंहाचे दात इतके खराब नव्हते, त्यामुळे सगळा दोष दातावर टाकता येत नाही. पण त्या पहिल्या सिंहाच्या वेदनेबद्दल शंका उरत नाही.

सोडवलेल्या प्राण्यांचं हे दुखणं अंगावर घेणाऱ्यांत अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातले डॉ. पीटर एमिली यांचं नाव आधी घ्यावं लागतं. ते मुळात माणसांचे दंतवैद्य. पुढे प्राण्यांच्या दातांकडे वळले आणि त्या शास्त्राच्या पायाभरणीतले एक ठरले. 2005 साली त्यांच्या नावाचं फाउंडेशन सुरू झालं. त्यातले पशुवैद्य, दंतवैद्य आणि तंत्रज्ञ आपली कामं बाजूला ठेवून, मोबदला न घेता, प्राणी-अभयारण्यांत जाऊन वाघ-सिंहांच्या दातांवर उपचार करतात. वाघ-सिंह सांभाळणाऱ्या संस्थांचा बहुतेक पैसा मांस आणि कुंपण यांतच संपतो. दातांसाठी विशेषज्ञ बोलावणं त्यांना परवडत नाही, आणि ही उणीव हे स्वयंसेवक भरून काढतात.

प्रत्यक्ष काम कसं चालतं, ते समजून घेण्यासारखं आहे. दोन-दोनशे किलोच्या वाघाला आधी लांबूनच भुलीचं इंजेक्शन मारलं जातं. तो निपचित पडला की चारसहा जण मिळून त्याला उचलून टेबलावर घेतात. घशात नळी घालून भुलीचा वायू सुरू होतो. भुलीत त्याचे डोळे उघडे राहू शकतात, म्हणून त्यात मलम घालून वर फडकं टाकतात. शरीराचं तापमान, ठोके, श्वास यांवर एक जण सारखी नजर ठेवून असतो. मग फिरत्या यंत्राने दातांचे एक्स-रे काढतात, कारण खरं दुखणं हिरडीखाली असतं.

सुळ्याचा आपल्याला दिसतो तो भाग निम्म्याहून कमी. त्याचं मूळ हाडात खोलवर गेलेलं असतं. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाची बरीचशी जागा या मुळांनीच व्यापलेली असते. असा सुळा उपटायचा तर हाड कोरावं लागतं आणि जबडा मोडण्याची भीती असते. म्हणून शक्य तिथे रूट कॅनाल करतात. पद्धत तुमच्याआमच्या दाताचीच, पण माणसासाठीच्या सुया इथे पुरत नाहीत. त्याहून कितीतरी लांब सुया लागतात. मेलेली नस काढून पोकळी धुतात, गट्टापर्चा या रबरासारख्या पदार्थाने भरतात आणि वरून तोंड बंद करतात. दात पुन्हा टोकदार करण्याचा प्रयत्न सहसा होत नाही. या प्राण्याला आता शिकार करायची नसते, त्याचा ठणका थांबला की पुरे.

अशा कामाची गरज किती मोठी आहे, हे दक्षिण अमेरिकेतल्या सिंहांनी दाखवून दिलं. बोलिव्हियाने 2009 साली सर्कशीत प्राणी वापरायला बंदी घातली आणि 2011 च्या फेब्रुवारीत तिथले 25 सिंह विमानाने कोलोरॅडोत आणले गेले. 2016 साली पेरू आणि कोलंबियातल्या सर्कशींमधून 33 सिंह दक्षिण आफ्रिकेत नेले. त्यांतल्या जवळपास सगळ्यांची नखं काढलेली होती आणि अनेकांचे दात फोडलेले. पिंजऱ्याचं दार उघडल्याने त्यांची सुटका पुरी झाली, असं मी मानत नाही. तोंडात पू घेऊन जगणारा सिंह मोकळ्या माळावरही कैदीच असतो.

आपल्याकडे वाघ-बिबट्यांचे सर्कशीतले खेळ बंद करणारी अधिसूचना 1991 ची. सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी 2001 मध्ये कायम केली. अस्वलं नाचवणाऱ्या कलंदरांकडून सोडवलेल्या अस्वलांचेही सुळे फोडलेले असत, आणि त्यांच्या तोंडावर उपचार करायला परदेशातून पशुदंतवैद्य आग्र्याच्या अस्वल-निवारा केंद्रात येऊन गेले आहेत.

पण महाराष्ट्रात हा प्रश्न सर्कशीपेक्षा बिबटे आसरा घेतात त्या उसाच्या फडाशी जास्त जोडलेला आहे. जुन्नर तालुक्यातल्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात विहिरीत पडलेले आणि पिंजऱ्यात धरलेले बिबटे येतात. पिंजऱ्याचं दार पडलं की बिबट्या गजांवर झेपावतो, ते चावतो, आणि सुळे मोडतात. धडधाकट जनावर सुटकेच्या त्या काही तासांतच अधू होऊ शकतं, आणि मग त्याला परत सोडायचं की जन्मभर पोसायचं, हा अवघड निर्णय समोर उभा राहतो. बिबट्याला सर्वांत जास्त बिथरवतात ती भोवती जमलेली माणसं, त्यांचा ओरडा, तोंडावर मारलेल्या विजेऱ्या आणि मोबाइल. वनखात्याची माणसं पिंजरा कापडाने झाकायची धडपड करतात, ती याचसाठी.

तेव्हा गावात बिबट्या अडकल्याचं कळलं, तर बघायला जाऊ नका. मुलांनाही जाऊ देऊ नका. वनखात्याला फोन करा आणि पिंजऱ्याभोवती अंधार आणि शांतता राहू द्या.